कुपीवरचं नाव म्हणजे पुरावा नाही

‘कंपनीने तपासून पाठवलेली अँटिबॉडी आपण पुन्हा कशाला तपासायची?’ नागपुरात प्रबंधाच्या आराखड्यावर चर्चा सुरू झाली की हा प्रश्न हमखास येतो आणि विचारणाऱ्याला उत्तराची अपेक्षा नसते. कुपीवर प्रथिनाचं नाव आहे, सोबत डेटाशीट आहे, तिच्यावर एक सुबक काळी पट्टी छापलेली आहे आणि परदेशातल्या चार शोधनिबंधांत हीच कुपी वापरल्याचे दाखले खाली दिलेले आहेत. आणखी काय हवं? पुढचं वाक्यही तयारच असतं. तपासत बसण्याची चैन हार्वर्डला परवडते, आपल्याला नाही. आपल्या विद्यार्थ्याच्या हातात तीन वर्षं असतात. त्यातले कितीतरी महिने एथिक्स कमिटीच्या मंजुरीत आणि खरेदीच्या फायलीत जातात.

वेळ कमी आहे हे खरं. पैसे कमी आहेत हेही खरं. पण त्यावरून जो निष्कर्ष काढला जातो तो उफराटा आहे. हार्वर्डला परवडते ती चूक. एक अँटिबॉडी खोटी निघाली तर तिथे दुसरी मागवतात, तिसरी मागवतात, अनुदानाचा एक कोपरा कापला जातो आणि काम पुढे सरकतं. ज्याच्याकडे एकाच कुपीचे पैसे आहेत, त्याची ती कुपी फसली तर सगळा प्रबंध फसतो. आणि फसला हे त्याला कळतही नाही, कारण स्लाइडवर रंग तर आलेला असतो.

उदाहरण मी मुद्दाम डोळ्याचं घेतो, कारण या विषयात अँटिबॉडीच्या भरवशावर वीस वर्षं काय काय उलटंपालटं झालं हे पाहण्यासारखं आहे. साठीनंतर दृष्टिपटलाच्या मधोमध असलेला मॅक्युला झिजतो, त्याला डॉक्टर एएमडी म्हणतात आणि रुग्ण ‘पडदा खराब झाला’ म्हणतात. कडेचं दिसतं, समोरचं माणूस दिसतं, त्याचा चेहरा दिसत नाही. पडद्यामागे ड्रूसेन नावाचे पिवळसर ठिपके साचतात. काहींना पुढे कोरडा प्रकार होऊन पेशी मरत जातात, काहींना ओला प्रकार होऊन नको त्या नव्या रक्तवाहिन्या उगवतात. या आजाराशी जोडलं गेलेलं एक प्रथिन म्हणजे एचटीआरए-१. हे प्रोटिएज आहे, म्हणजे इतर प्रथिनं कापणारं विकर. लांबी ४८० अमिनो आम्लांची, वजन साधारण ५० किलोडाल्टन. पेशीत तयार होतं आणि पेशीबाहेर सोडलं जातं. ते ऊतीत कुठे आहे, किती आहे हे पाहायचं तर त्यालाच चिकटणारी अँटिबॉडी लागते, आणि ती जगभरचे पुरवठादार विकतात. सशाची, उंदराची, पॉलिक्लोनल, मोनोक्लोनल, हवी तशी. नागपुरात ती मुंबई-दिल्लीच्या वितरकाकडून थर्मोकोलच्या खोक्यात येते. मे महिन्यात पारा ४५ च्या वर असताना ते खोकं कुठल्या गोदामात किती तास पडून होतं, हे कुठल्याही डेटाशीटवर लिहिलेलं नसतं. पण तो मुद्दा बाजूला ठेवू. खोकं अगदी बर्फगार पोहोचलं असं धरून बोलू.

नोव्हेंबर २००६ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन शोधनिबंध आले. एकातले रुग्ण हाँगकाँगचे, दुसऱ्यातले अमेरिकेतल्या युटाचे. दोघांचंही बोट दहाव्या गुणसूत्राच्या लांब भुजेवरच्या एकाच जागी होतं, एचटीआरए-१ च्या जनुकाच्या सुरुवातीला असलेल्या एका अक्षराच्या बदलाकडे. हा बदल असलेल्यांत जनुक जास्त काम करतं, प्रोटिएज जास्त तयार होतं, ते पडद्यामागचं आवरण कापत सुटतं आणि आजार होतो, असं चित्र उभं राहिलं. युटाच्या गटाने ड्रूसेनमध्ये हे प्रथिन अँटिबॉडीने रंगवूनही दाखवलं. गोष्ट पटण्यासारखी होती. कापणारं विकर जास्त झालं म्हणून आवरण फाटलं, हे कुणालाही समजतं.

अडचण शेजाऱ्याची होती. त्याच जागी, अगदी लगत, एआरएमएस-२ नावाचं दुसरं जनुक आहे, आणि दोन्हींतले धोक्याचे बदल पिढ्यान्‌पिढ्या जोडीनेच वारशात येतात. ज्याला एक मिळाला त्याला बहुधा दुसराही मिळालेला असतो. म्हणजे कितीही रुग्णांचा डीएनए वाचला तरी दोघांपैकी गुन्हेगार कोण हे डीएनए एकटा सहजी सांगू शकत नाही. २००७ साली आनंद स्वरूप यांच्या गटाने सांगितलं की दोषी एआरएमएस-२ आहे, एचटीआरए-१ नाही. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेने २००८ मध्ये भारतीय रुग्णांतही हीच जागा धोक्याची असल्याचं दाखवलं. म्हणजे हा वाद परक्यांच्या डोळ्यांपुरता नाही, आपल्याही डोळ्यांचा आहे. पण हैदराबादलाही दोघांपैकी एकाला मोकळं सोडता आलं नाही. निकाल द्यायचा तर प्रथिनाकडेच जावं लागणार होतं, म्हणजे अँटिबॉडीकडे.

आणि अँटिबॉडीने काय साक्ष दिली? एआरएमएस-२ चंच पाहा. एका गटाने सांगितलं की हे प्रथिन मायटोकॉन्ड्रियाच्या बाहेरच्या आवरणावर बसतं. दुसऱ्याने ते प्रकाशग्राही पेशींच्या मायटोकॉन्ड्रियाने गच्च भरलेल्या भागात दाखवलं. तिसऱ्याला ते पेशीद्रवात दिसलं. २०१० मध्ये चौथ्याने दाखवलं की ते पेशीत राहतच नाही, बाहेर पडून आवरणात मिसळतं. माणसाच्या डोळ्यात एक प्रथिन चार पत्त्यांवर राहत असेल असं मानण्यापेक्षा, साक्षीदारांपैकी काहींनी दुसऱ्यालाच पाहिलं असावं असं मानणं मला जास्त सोपं वाटतं. हे चारही गट नामांकित होते, उपकरणं उत्तम होती. त्यांच्या हातून जे निसटू शकतं ते आपल्या हातून निसटणार नाही, असं आपण कुठल्या बळावर धरतो?

एचटीआरए-१ च्या बाबतीत तर पैज फार मोठी लावली गेली. ‘जास्त झालेलं विकर’ या समजुतीवर जेनेन्टेक या औषध कंपनीने एचटीआरए-१ ला रोखणारी अँटिबॉडी औषध म्हणून तयार केली. गॅलेजेनिमॅब तिचं नाव. कोरड्या प्रकारात पेशी मरून पडलेल्या रुग्णांच्या डोळ्यांत इंजेक्शनने ती दिली गेली. औषध म्हणून ती कच्ची नव्हती, हे मुद्दाम सांगायला हवं; ती विकराला खरोखर रोखते हे त्यांनी डीकेके-३ नावाच्या, एचटीआरए-१ ज्याला कापतं अशा प्रथिनाचे तुकडे मोजून दाखवलं होतं. तीर बरोबर निशाण्यावर लागला होता. पण रुग्णांत फायदा दिसला नाही आणि २०२२ मध्ये ती चाचणी गुंडाळली गेली. त्याच्या एक वर्ष आधी, २०२१ मध्ये, युटातूनच एक निबंध आला होता. मृत्यूनंतर दान केलेले डोळे घेऊन, पडद्याचे थर वेगवेगळे काढून, त्या त्या थरात आरएनए आणि प्रथिन दोन्ही मोजून त्यांनी सांगितलं की धोक्याचा बदल असलेल्यांच्या रंगद्रव्य पेशींच्या थरात एचटीआरए-१ जास्त नसतं, कमी असतं. निरोगी माणसात वयानुसार ते तिथे वाढतं. धोका असलेल्यांत ते वाढायला हवं तेवढं वाढत नाही. पंधरा वर्षं ज्याला आरोपी समजून बांधायला निघालो, तो कदाचित पहारेकरी होता. खरं तर इशारा आधीच मिळाला होता. २००९ मध्ये जपानी कुटुंबांत असं आढळलं होतं की एचटीआरए-१ निकामी झालं तर मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्या तरुणपणीच खराब होतात. विकर नसणंही घातक असू शकतं, हे तेव्हाच लिहून ठेवलेलं होतं.

हा वाद अजून मिटलेला नाही आणि मी तो इथे मिटवणार नाही. एवढंच दाखवायचं आहे की ‘जास्त’ की ‘कमी’ या एका शब्दावर औषध घडतं किंवा पडतं, आणि तो शब्द लिहिण्याचा अधिकार शेवटी मोजमापाकडे असतो. कुठल्या थरात, कुठल्या अँटिबॉडीने, काय तपासून मोजलं, यावर सगळं उभं असतं. नागपुरातल्या एखाद्या प्रबंधात ‘एएमडीच्या नमुन्यांत एचटीआरए-१ वाढलेलं आढळलं’ असं वाक्य येतं, तेव्हा मला त्या वाक्यात रस नसतो. मला त्याच्या आधीचं पान हवं असतं आणि ते बहुधा नसतंच.

आता ‘कंपनीने तपासलेली आहे’ या दाव्याकडे येऊ. कंपनीने काय तपासलेलं असतं? बहुतेक वेळा एखाद्या पेशीवाणाचा अर्क जेलवर चालवून पट्टी कुठे उमटते ते. पुष्कळदा तर पेशीत कृत्रिमरीत्या भरमसाट तयार करवलेलं प्रथिन वापरलेलं असतं. समुद्रात मीठ सापडलं म्हणून विहिरीत सापडेलच असं नाही. डोळ्याच्या ऊतीत हे प्रथिन त्या मानाने फार थोडं असतं आणि भोवती हजारो इतर प्रथिनं असतात. त्यातून एचटीआरए-१ ला तीन सख्खी भावंडं आहेत, दोन, तीन आणि चार. त्यांतलं तिसरं रचनेने पहिल्याच्या फार जवळचं. कंपनीने भावंडांवर चाचणी केली होती का, हे डेटाशीटवर क्वचितच असतं.

दुसरी गोम या विकराच्या स्वभावात आहे. एचटीआरए-१ स्वतःलाच कापतं. त्याच्या सुरुवातीचा तुकडा गळून पडतो आणि कापणारा भाग मागे उरतो, तरी विकर चालू असतं. तुमची अँटिबॉडी त्या सुरुवातीच्या तुकड्याविरुद्ध बनवलेली असेल, तर ऊतीत जोमाने काम करणारं विकर तिला दिसणारच नाही, आणि तुम्ही लिहाल ‘प्रमाण कमी’. अँटिबॉडी मागच्या भागाविरुद्ध असेल तर ५० च्या आसपास एक आणि खाली आणखी एखादी पट्टी उमटेल. मग तुमच्या निबंधात खालची पट्टी कापून फक्त वरची छापली जाईल, कारण परीक्षकाला एकच पट्टी आवडते. आणि सगळं बरोबर उमटलं तरी अँटिबॉडी सांगते ती फक्त हजेरी. विकर कामावर आहे की कुलूप लावून बसवलेलं आहे, हे तिला कळत नाही. जेनेन्टेकला डीकेके-३ चे तुकडे मोजावे लागले ते याचसाठी.

डोळ्याच्या ऊतीची स्वतःचीही एक खोड आहे, आणि तिच्याबद्दल आपल्याकडे फार कमी बोललं जातं. इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीत सर्रास वापरला जाणारा रंग डीएबी, तो उमटतो तपकिरी. आणि पडद्यामागची रंगद्रव्य पेशींची रांग मुळातच तपकिरी असते, मेलॅनिनमुळे. आपल्या लोकांच्या डोळ्यात त्यामागचा कोरॉइडही गडद असतो. तपकिरीवर तपकिरी चढलं की ‘तीव्र पॉझिटिव्ह’ असा शेरा मारायला वेळ लागत नाही. हा गोंधळ टाळायला लाल रंग देणारं रसायन मिळतं किंवा मेलॅनिन आधी फिकं करून घेता येतं. चमकत्या रंगाने, म्हणजे फ्लुओरेसेन्सने, पाहायचं म्हटलं तर वेगळीच पंचाईत: म्हाताऱ्या डोळ्यातल्या या पेशींत लायपोफ्युसिन साचलेलं असतं आणि ते आपणहून चमकतं. अँटिबॉडी न घालताही चमकतं. म्हणून पहिली अँटिबॉडी न घातलेली एक स्लाइड शेजारी ठेवायची असते. तिला खर्च शून्य रुपये येतो. ती नसलेले प्रबंध मी पाहिलेले आहेत. कुठले ते सांगत नाही.

‘इतरांनी वापरलेली आहे, निबंधांत छापून आलेली आहे’ हा दुसरा आधार. तो पहिल्यापेक्षाही कच्चा आहे. टोरांटोमध्ये इओआनिस प्रासास आणि एलेफ्थेरिओस डायमॅन्डिस स्वादुपिंडाच्या कर्करोगासाठी सीयूझेडडी-१ हे प्रथिन रक्तात शोधत होते. बाजारातला एलायझा संच घेतला, सुरुवातीचे निकाल झकास आले. दोन वर्षं आणि जवळपास पाच लाख डॉलर गेल्यावर कळलं की संच सीयूझेडडी-१ मोजतच नव्हता, सीए-१२५ हे अगदी वेगळं, आधीपासून माहीत असलेलं प्रथिन मोजत होता. २०२३ मध्ये एका आंतरराष्ट्रीय प्रकल्पाने मेंदूशी संबंधित ६५ प्रथिनांसाठी विकल्या जाणाऱ्या ६१४ अँटिबॉडी रांगेने तपासल्या. ते प्रथिन मुळीच नसलेल्या पेशी बनवून, शेजारी शेजारी. निम्म्याहून अधिक अँटिबॉडी एखाद्या तरी वापरात नापास झाल्या. आणि नापास झालेल्या अँटिबॉडीवर बेतलेले निबंध मोजले तेव्हा दर प्रथिनामागे सरासरी बारा निघाले. छापून येणं ही तपासणी असती तर हे बारा कुठून आले असते? चुकीची अँटिबॉडी एकाने वापरली, दुसऱ्याने त्याचा दाखला देऊन वापरली, तिसऱ्याने दोघांचा दाखला दिला. दाखल्यांची रांग वाढली, पुरावा तेवढाच राहिला.

नागपूरला हे परवडणार नाही, हा सगळ्यात लाडका युक्तिवाद. चला, हिशेबच करू. १०० मायक्रोलिटरची एक कुपी चाळीस हजारांच्या आसपास पडते. ती खरी की खोटी हे पाहायला काय लागतं? हे प्रथिन भरपूर असलेली ऊती, नसलेल्या किंवा कमी केलेल्या पेशी आणि थोडा धीर. एचटीआरए-१ गर्भारपणात वारेत, म्हणजे प्लॅसेंटात, मुबलक असतं. नागपूरच्या मेडिकलमध्ये, मेयोत, डागा रुग्णालयात रोज बाळंतपणं होतात. एथिक्स कमिटीची परवानगी आणि आईची संमती घेऊन वारेचा एक तुकडा मिळवणं हे डोळा मिळवण्याच्या तुलनेत कितीतरी सोपं आहे. ज्या शहरात हे फुकट मिळतं तिथे पॉझिटिव्ह कंट्रोल नाही म्हणून हात वर करणं मला पटत नाही. एक मात्र लक्षात ठेवायचं: तिसरं भावंडही वारेत असतं, त्यामुळे केवळ वार रंगली म्हणून अँटिबॉडी पास झाली असं होत नाही. त्यासाठी पेशी लागतात. पुण्याची राष्ट्रीय पेशीविज्ञान संस्था देशभर पेशीवाण पुरवते. त्या पेशींत एकदा एचटीआरए-१ चं जनुक घालायचं, एकदा तिसऱ्या भावंडाचं, एकदा काहीच नाही. किंवा आरएनए वापरून मूळचं एचटीआरए-१ दाबायचं. तीन-चार खाचांचा एक जेल. पट्टी योग्य खाचेत आली, दाबल्यावर फिकी झाली, भावंडाच्या खाचेत उमटली नाही, तर अँटिबॉडी ब्लॉटसाठी, म्हणजे जेलवरच्या पट्टीच्या चाचणीसाठी, वापरण्याजोगी. स्लाइडसाठी ती पुन्हा वेगळी पाहावी लागते, कारण फॉर्मेलिनमध्ये ठेवलेल्या ऊतीत प्रथिनाचा आकार बदललेला असतो.

हे एकट्या विद्यार्थ्याने करायचं काम नाही, हे मान्य. ते एकट्याने करावंच कशाला? नागपुरात दोन जुनी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, एम्स आहे, विद्यापीठाचे विभाग आहेत, जवळ सेवाग्राम आणि सावंगी आहे. एकाने पेशी सांभाळाव्यात, एकाने ब्लॉट चालवावेत आणि तपासलेल्या कुपीचा बॅच नंबर, न कापलेला पूर्ण ब्लॉट, वापरलेलं प्रमाण सगळ्यांना खुलं असावं. पॉलिक्लोनल अँटिबॉडीचा बॅच बदलला की ससा बदलतो, आणि ससा बदलला की अँटिबॉडी बदलते; म्हणून नोंद बॅचसकट हवी. यात अशक्य काय आहे ते कुणीतरी मला दाखवावं.

आणि विदर्भाला हे जमत नाही, असं म्हणणाऱ्यांनी सेवाग्राम विसरू नये. महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत बी. सी. हरिनाथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हत्तीरोगाच्या निदानासाठी एलायझा उभी केली तेव्हा बाहेरचं महागडं विकर वापरण्याऐवजी त्यांनी पेनिसिलिनेज वापरलं. स्टार्च आणि आयोडीनचा गडद निळा रंग फिका पडला की उत्तर मिळालं, वाचायला महाग यंत्राची गरज नाही. वर्धा, चंद्रपूर, गडचिरोलीच्या रक्ताचे नमुने त्यांच्या हाताशी होते आणि रसायनं स्वतः घडवायची हिंमत होती. साधनं कमी आहेत म्हणून तपासणी सोडण्याऐवजी, तपासणी स्वस्त कशी करता येईल यावर त्यांनी डोकं लावलं. ती परंपरा आपल्या दारात असताना ‘डेटाशीटवर लिहिलंय’ म्हणून हात झटकणं फार केविलवाणं दिसतं.

कुणी म्हणेल, हे सगळं राहू द्या, आपल्याकडे आधी मोतीबिंदू पाहा. ५० वर्षांवरील लोकांतल्या अंधत्वाचं ६६.२ टक्के कारण मोतीबिंदू आहे, असं २०१५ ते २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात निघालं. आकडा बरोबर आहे, आणि मोतीबिंदूची शस्त्रक्रिया सोडून कुणी एचटीआरए-१ च्या मागे लागा असं मीही म्हणणार नाही. पण मोतीबिंदू काढल्यावर मागे जो पडदा दिसतो, तो पाहायचं काम नागपूरने फार आधीपासून केलेलं आहे. सूरज नेत्रसंस्थेच्या विनय नांगिया यांनी जर्मनीच्या योस्ट योनास यांच्यासोबत २००६ ते २००८ या काळात मध्य भारतातल्या आठ खेड्यांत तिशीपुढच्या ४,७११ लोकांचे डोळे तपासले, बोलावलेल्यांपैकी ८० टक्के आले. खेड्यातल्या माणसांचा एवढा मोठा डोळ्यांचा दस्तऐवज, त्यात मॅक्युलाच्या झिजेचीही नोंद. ज्या शहराने हे केलं, त्या शहराने ‘आपल्याला पडद्याचं संशोधन कशाला’ असं विचारू नये.

शेवटचा दावा सगळ्यात धोक्याचा. काही उत्साही मंडळी म्हणतात, एचटीआरए-१ च्या अँटिबॉडीने रक्ताचा एलायझा करा आणि साठीच्या माणसाला ‘तुमचा पडदा जाणार का’ ते आधीच सांगा. धंतोली आणि रामदासपेठेत पॅथॉलॉजीच्या पाट्या कमी नाहीत. एखाद्या पॅकेजात ही चाचणी घुसायला वेळ लागणार नाही. पण एचटीआरए-१ फक्त डोळ्यात नसतं. सांध्याच्या झिजलेल्या कूर्चेत ते वाढलेलं आढळतं. वारेत असतं. रक्तवाहिन्यांच्या भिंतींतही त्याचं काम आहे. सत्तरीच्या माणसाच्या रक्तात ते वाढलेलं दिसलं, तर ते डोळ्याने सोडलं की गुडघ्याने, हे कुठली अँटिबॉडी सांगणार? आणि २०२१ चा निबंध खरा असेल तर धोक्याच्या माणसात ते डोळ्याच्या एका थरात कमी असणार. म्हणजे अहवालात ‘जास्त’ आलं तर घाबरायचं की हायसं वाटून घ्यायचं, हेही कुणाला सांगता येणार नाही.

क्षयाच्या बाबतीत आपण हे भोगलेलं आहे. रक्तातल्या अँटिबॉडीवरून क्षय ओळखण्याचे संच देशभर विकले गेले, हजारो लोकांनी पैसे मोजले, निरोगी माणसांनी महिनोन्‌महिने गोळ्या घेतल्या आणि खऱ्या रुग्णांना ‘काही नाही’ म्हणून घरी पाठवलं गेलं. जुलै २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या चाचण्या वापरूच नका असं बजावलं आणि जून २०१२ मध्ये केंद्र सरकारने त्यांची आयात, उत्पादन, विक्री सगळं बंद केलं. तो प्रकार तांत्रिकदृष्ट्या वेगळा होता. तिथे रुग्णाची अँटिबॉडी शोधत होते, इथे अँटिबॉडीने प्रथिन शोधायचं आहे. पण घाई तीच आणि बाजार तोच. एचटीआरए-१ च्या कुपीवर ‘केवळ संशोधनासाठी’ असं छापलेलं असतं ते कायद्याच्या भीतीने कोपऱ्यात टाकलेलं वाक्य म्हणून वाचू नका. कुपीवरचं सगळ्यात खरं वाक्य तेच आहे. पडद्याचा आजार शोधायचा तर बाहुली मोठी करून पडदा पाहतात, ओसीटी काढतात. सरळ रेषा वाकडी दिसू लागली, अक्षराच्या मधला भाग गायब होऊ लागला, तर त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञाकडे जायचं. ओल्या प्रकारावर इंजेक्शनं आहेत आणि उशीर झाला तर त्यांचा उपयोग घटतो. सिगारेट-बिडी सोडायची. असल्या चाचणीसाठी रक्त द्यायचं नाही.

मी अँटिबॉडीच्या विरुद्ध नाही. तपासलेल्या अँटिबॉडीसारखं धारदार हत्यार जीवशास्त्राकडे फार थोडं आहे, आणि विदर्भातल्या दान केलेल्या डोळ्यांवर ती चालवून आपल्या लोकांच्या पडद्यात एचटीआरए-१ नेमकं कुठल्या थरात, किती आहे हे कुणी मोजलं तर तो निबंध जगाने वाचण्यासारखा होईल. त्यासाठी नेत्रपेढ्यांनी दात्याच्या कुटुंबाला बुबुळाखेरीज उरलेल्या डोळ्याच्या संशोधनातल्या वापरासाठीही संमती विचारावी. विचारलं तर पुष्कळ जण देतील असा माझा समज आहे. मृत्यूपासून डोळा काढेपर्यंत गेलेले तास लिहून ठेवावेत, कारण नागपूरच्या उन्हाळ्यात विकरं थांबत नाहीत.

आणि मार्गदर्शकांना, परीक्षकांना एक विनंती. प्रबंधात न कापलेला पूर्ण ब्लॉट नसेल, अँटिबॉडीचा क्रमांक आणि बॅच नसेल, पहिली अँटिबॉडी न घातलेली स्लाइड नसेल, तर त्यावर सही करू नका. परत पाठवा.